झोंबीचे नियम कोणासाठी असतात?

गेल्या महिन्यापासून आमच्या इंदुरातल्या मराठी सिनेमावाल्या मंडळींत झोंबी सिनेमावरून जे भांडण पेटलंय ते विझायचं नाव घेत नाहीये. कारभार साधा आहे, महिन्यातून एकदा रामबागेत नाहीतर सुदामा नगरात कोणाच्या तरी घरी भिंतीवर प्रोजेक्टर मारायचा, सिनेमा बघायचा आणि मग सेव-परमल खात वाद घालायचा. यावेळी एका बाजूला आमची काका मंडळी, त्यातले काही रिटायर्ड इंजिनियर, त्यांचा मुद्दा हा की मेलेला माणूस चालतो कसा, रक्तच फिरत नाही तर स्नायू हलतात कशाने, तो खातो तर पचवतो कुठे, आणि छातीत पाच गोळ्या घातल्या तरी ढिम्म पण डोक्यात एक बसली की खलास, हे कुठलं शास्त्र. दुसऱ्या बाजूला कॉलेजची पोरं, ज्यांना हे सगळे नियम तोंडपाठ आहेत आणि त्यात काना-मात्रेचा फरक चालत नाही. "काका, धावतो तो झोंबी नाही, तो इन्फेक्टेड, म्हणजे रोगानं पिसाळलेला जिवंत माणूस, दोन्ही वेगळं असतं" हे ती इतक्या कळकळीनं सांगतात की वाटावं सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न आहे. काकांना नियम म्हणजे मूर्खपणा वाटतो, पोरांना नियम म्हणजे पोथी. माझं म्हणणं असं की दोघंही झोंबीकडेच बघत बसलेत आणि तिथेच गडबड आहे. हे नियम दिसायला झोंबीचे असतात पण त्यांचं काम असतं जिवंत पात्रांना कोंडीत पकडणं, त्यामुळे एखादा नियम शास्त्रीय आहे का, किंवा मूळचा आहे का, हे विचारत बसण्यापेक्षा तो कोणाला कशात अडकवतो हे विचारा. तसं विचारलं की अर्धे वाद जागच्या जागी संपतात. उरलेले अर्धे मात्र खरंच भांडण्यासारखे निघतात.

काकांना मी म्हटलं, तासाभरावर उज्जैन आहे, विक्रम-वेताळाच्या गोष्टी तुम्हीच आम्हाला सांगितल्यात, तेव्हा कधी विचारलंत का की मढं बोलतं कसं? झाडाला उलटं लटकलेल्या प्रेताचा गळा शाबूत कसा, ते सडत का नाही, हे प्रश्न कोणाच्याही डोक्यात येत नाहीत, कारण आपलं सगळं लक्ष राजाकडे असतं. राजा बोलला तर मढं परत झाडावर, आणि उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर त्याच्याच डोक्याची शकलं. या नियमातून वेताळाच्या शरीराबद्दल काय कळतं? काही नाही. पण ज्या माणसाला न्याय करायची सवय लागलीये त्याला गप्प बसवत नाही, आणि नियम नेमका त्या सवयीलाच गळ लावतो. पंचवीस वेळा तीच चौकट, तेच झाड, तीच वाट, तरी कोणी "फॉर्म्युला झाला बुवा" म्हणत नाही. यावर एक काका म्हणाले की वेताळ आपला आहे, झोंबी अमेरिकन, आपल्या गोष्टीला आपण सूट देतो एवढंच. उत्तर प्रामाणिक आहे, पण अर्धवट माहितीवरचं आहे.

कारण झोंबी मुळात अमेरिकेचा नाहीच, तो हैतीचा. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचा हा पश्चिम भाग अठराव्या शतकात फ्रेंचांची साखरेची खाण होता आणि ती साखर आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम पिकवायचे. १७९१ मध्ये त्यांनी बंड केलं, १८०४ मध्ये स्वतंत्र देश उभा केला. त्या लोकांची समजूत अशी की मेल्यावर तरी आत्मा समुद्र ओलांडून आपल्या मुलुखात परत जातो, म्हणजे मरण ही एकच सुटका. आणि मग झोंबी म्हणजे कोण, तर ज्याची तीही सुटका हिरावून घेतलीये, ज्याला मांत्रिकानं मढ्यातून उठवून पुन्हा कामाला जुंपलंय. हा झोंबी कोणाला चावत नाही, खात तर अजिबात नाही. त्याची भीती कोणी बाळगत नाही, आपण तसे होऊ याची भीती असते. त्याचा एक नियम तर मला फार आवडतो आणि नंतरच्या सिनेमांनी तो पार टाकून दिला, तो म्हणजे झोंबीला मीठ चाखायला मिळालं की तो भानावर येतो, आपण मेलोय हे त्याला कळतं आणि तो सरळ आपल्या कबरीकडे चालू लागतो, म्हणून मालक त्याला कायम अळणी खायला घालतो. १९१५ ते १९३४ अमेरिकन फौजा हैतीत ठाण मांडून होत्या, तिथल्या शेतकऱ्यांकडून त्यांनी वेठीनं रस्ते बांधून घेतले, आणि त्याच काळात विल्यम सीब्रूक नावाच्या अमेरिकन लेखकानं १९२९ च्या पुस्तकात उसाच्या शेतात राबणाऱ्या झोंबींबद्दल लिहिलं. तीन वर्षांत हॉलिवूडनं सिनेमा काढला, बेला लुगोसी या नटाचा 'व्हाइट झोंबी'. त्यात साखर कारखान्याचा एक सीन आहे. लाकडी चरकाची करकर चाललीये, डोक्यावर उसाच्या टोपल्या घेतलेली माणसं रांगेनं येतायत, त्यातला एक तोल जाऊन खाली चरकात पडतो आणि रांग थांबत नाही, चरक थांबत नाही, करकर तशीच चालू. मालक मात्र खुशीत सांगतो की हे कामगार जादा तासांची कुरकुर करत नाहीत.

आता सांगा, हे आपल्याला परकं आहे? महाराष्ट्रात दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला मराठवाड्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून हिशेबात एक 'कोयता' धरतात, आणि हंगाम संपताना उचल फिटली नाही की ती पुढच्या सालावर चढते. वेठबिगारी कायद्यानं बंद झाली ती १९७६ मध्ये, त्याआधी आणि काही ठिकाणी त्यानंतरही बापाचं कर्ज मुलाच्या अंगावर जायचं, म्हणजे माणूस मेला तरी त्याची मजुरी मरायची नाही. ऊस, उचल, मरूनही न संपणारं काम, हैतीच्या झोंबीच्या इतकं जवळचं दुसरं काय असणार आहे आपल्याकडे? "झोंबी आपल्या मातीत रुजत नाही" म्हणणाऱ्यांनी माती नीट बघितलेलीच नाही. बरं, यात पोरांनाही एक प्रश्न आहे. तुम्ही ज्याला मूळ नियम म्हणता, चावणं, पसरणं, डोक्यात गोळी, ते मूळ झोंबीत नव्हतेच, तर शुद्धतेची रेघ मारायची कुठून?

पोरं म्हणतात १९६८ पासून. ठीक आहे, १९६८ घेऊ. जॉर्ज रोमेरोनं पिट्सबर्गच्या आसपास मित्र जमवून 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला, आजचे बहुतेक नियम तिथून आले हे खरंच. गंमत अशी की त्यात झोंबी हा शब्द एकदाही येत नाही. मेलेले का उठतात याचं कारण म्हणून शुक्रावरून आलेल्या यानाच्या किरणोत्सर्गाचा विषय निघतो, पण टीव्हीवरच्या शास्त्रज्ञाचं आणि लष्करी अधिकाऱ्याचं त्यावरही जमत नाही आणि सिनेमा तो विषय तसाच लोंबकळत ठेवतो. तिथे चावल्यानं माणूस आजारी पडून मरतो हे खरं, पण न चावता मेलेलाही उठतोच. झोंबी मेंदू खातात ही तर त्याहून नंतरची भर, १९८५ च्या एका विनोदी भयपटातून आलेली, ज्यात झोंबी बोलतात आणि धावतातसुद्धा. व्हायरसनं जोर धरला तो त्यानंतर. म्हणजे आधी मांत्रिक, मग किरणोत्सर्ग, मग रसायन, मग विषाणू, ज्या काळाला ज्याची धास्ती ते कारण, आणि इतक्या वेळा बदलूनही सिनेमाचं काही बिघडलं नाही यावरूनच कळावं की कारण हा सगळ्यात बिनमहत्त्वाचा नियम आहे. आमच्याकडे दोन्ही बाजूंनी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो मात्र त्याच्यावरच. अजून एक, हे नियम सगळ्यांचे झाले कसे? वितरकांनी ऐनवेळी नाव बदललं आणि नव्या टायटलवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहून गेली, तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानं सिनेमा फुकटात सार्वजनिक झाला. रोमेरोचं नुकसान झालं, पण नियम लोककथेसारखे मोकळे सुटले, ज्याला हवं त्यानं उचलावे आणि आपली भर घालावी. लोककथेची शुद्ध प्रत कोणाकडे असते?

धावण्या-चालण्याच्या वादात मात्र पोरांचं एक म्हणणं मला पटतं. सावकाश चालणाऱ्या झोंबीत एक गोष्ट आहे जी धावणाऱ्यात नाही, ती म्हणजे वेळ. रांगत-खुरडत येणाऱ्या मढ्यापासून कोणीही धडधाकट माणूस वाचू शकतो, त्यामुळे तो मेला तर दोष त्याचा, त्याच्या भांडणाचा, हावेचा, झोपेचा. १९७८ च्या पुढच्या सिनेमात रोमेरोनं चार माणसं मॉलमध्ये नेऊन ठेवली, सगळं फुकट, दारं बंद, आणि तरी शेवटी घात झाला तो लुटायला आलेल्या टोळीमुळे आणि "हा मॉल आमचा आहे" या खुमखुमीमुळे. २००२ मध्ये डॅनी बॉयलनं '२८ डेज लेटर' आणला, त्यातले रोगी वाऱ्यासारखे धावतात, आणि तिथून पुढे बऱ्याच सिनेमांनी नुसता वेग उचलला. पण म्हणून वेग म्हणजे भ्रष्टता? २०१६ चा कोरियन 'ट्रेन टू बुसान' बघा. झोंबी सुसाट धावतात, पण बोगद्यात अंधार झाला की त्यांना दिसत नाही आणि डब्याचं दार त्यांना धड उघडता येत नाही. म्हणजे वेगानं जी वेळ काढून घेतली ती दारानं परत दिली. आणि मग सिनेमाचा सगळ्यात भयंकर क्षण येतो तो झोंबीचा नाहीच, पुढच्या डब्यात सुरक्षित बसलेली माणसं जीव वाचवून आलेल्यांना दार उघडत नाहीत तो आहे. इंदुरहून मुंबईच्या गाडीला जनरल डब्यात ज्यानं एकदा प्रवास केलाय त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. उज्जैनला बाहेरून दार बडवणारा, "भिया, खोल दो, बच्चा है साथ में" म्हणून गयावया करणारा माणूस कसाबसा आत येतो, खांदा टेकवतो, आणि नागदा आलं की आतून कडी धरून "जगह नहीं है, आगे जाओ" ओरडणाऱ्यांत तोच पुढे असतो. हे त्या सिनेमात आहे म्हणून तो चालला. झोंबी ताशी किती किलोमीटरनं धावतो याचा त्यात काय संबंध?

आता काकांचा सगळ्यात लाडका आक्षेप. प्रत्येक झोंबी सिनेमात एक जण चावा लपवतो, बाही खाली ओढतो, काही नाही झालं म्हणतो, आणि मग मध्यरात्री उठून सगळ्यांना खातो. "इतका मूर्ख कोण असतो?" असं एका काकांनी २०१९ च्या आधी विचारलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण २०२० नंतरही हा प्रश्न विचारायचा? आपल्या इंदुरात? खोकला आला की "धूळ आहे", ताप आला की "ऊन लागलं", टेस्ट नको, बाजूच्यांना सांगू नका, घरावर स्टिकर लावतील, हे आपण सगळ्यांनी बघितलंय आणि बऱ्याच घरांत केलंयही. त्या एप्रिलमध्ये तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर आपल्या शहरात दगडफेक झाली, देशभर बातम्या झाल्या, आणि सगळ्यांनी लोकांना अडाणी ठरवून विषय संपवला. पण पकडून नेतील, नेऊन कुठे ठेवतील, परत सोडतील का, ही भीती अडाण्यांनाच होती का? १८९७ च्या पुण्यात हेच झालं होतं. प्लेग आला, रँडसाहेबाचे गोरे शिपाई घराघरात शिरले, माजघरापर्यंत गेले, देवघर सोडलं नाही, संशय आला की उचलून छावणीत, आणि लोक रोगी लपवायला लागले. चापेकरांनी २२ जूनला गोळ्या झाडल्या त्यामागे हाच संताप होता. त्याच साली केलेला साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला, सव्वाशे वर्षांनी. तेव्हा चावा लपवणारा माणूस मूर्ख असतोच असं नाही, चावा दाखवला तर पुढे काय होतं हे त्याला माहीत असतं. चांगला दिग्दर्शक तिथे थांबतो आणि विचारतो की दाखवला असता तर तुम्ही याचं काय केलं असतं? आळशी दिग्दर्शक फक्त दचकवतो. नियम एकच आहे.

"सिनेमातल्या लोकांनी झोंबी सिनेमा कधी बघितलेलाच नसतो" हा आक्षेपही याच जातीचा. बघितला असता तर वाचले असते? साथी कशा पसरतात हे शाळेत शिकून आपण काय दिवे लावले?

पण एक आक्षेप असा आहे की ज्याच्यापुढे मी बराच वेळ गप्प झाले, आणि तो काकांनी नाही, आमच्यातल्या एका शिक्षिका असलेल्या मावशींनी घेतला. त्या म्हणाल्या, मला शास्त्र-बिस्त्र काही म्हणायचं नाही, पण हा प्रकार गर्दीकडे माणूस म्हणून बघायचं बंद करायला शिकवतो. समोर शेकडो चेहरे, कोणाला नाव नाही, कोणाचं काही म्हणणं नाही, बोलून उपयोग नाही, आणि डोक्यात गोळी घालणं हे चांगल्या माणसाचं कर्तव्य. आज गर्दीला असंच बघायची सवय जगात सगळीकडे लागत असताना तिचा सराव पॉपकॉर्न खात कशाला करायचा? हे खरं आहे, आणि ढिगानं झोंबी सिनेमे आणि त्याहून जास्त व्हिडिओ गेम नेमकं हेच करतात, त्याचं समर्थन मी करणार नाही. फक्त एवढंच दाखवते की हा आक्षेप त्या १९६८ च्या सिनेमानं स्वतःच आधी घेऊन ठेवलाय. त्यात रात्रभर शहाणपणानं लढलेला नायक बेन, डुएन जोन्स या कृष्णवर्णीय नटानं केलेला, सकाळी एकटा वाचतो, बाहेर कुत्र्यांचा आणि माणसांचा आवाज ऐकून खिडकीशी येतो, आणि झोंबी मारत निघालेली बंदूकधारी टोळी लांबूनच त्याला झोंबी समजून गोळी घालते. मग आकड्यांनी ओढून त्याला चितेवर टाकतात. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला होता, ऑक्टोबरमध्ये हा सिनेमा लागला, बघणाऱ्यांना काय वाटलं असेल सांगायला नको. म्हणजे "ते माणसासारखे दिसतात पण माणूस नाहीत" हा नियम घालून देणाऱ्या सिनेमानंच तो नियम बंदूकवाल्यांच्या हातात गेल्यावर काय होतं तेही दाखवून ठेवलं. या जातीच्या सिनेमाचा खरा कणा मला ओळख हाच वाटतो. आधी ओळखीचा माणूस झोंबी व्हायला लागतो, आणि बाकीच्यांना ठरवावं लागतं. जो सिनेमा अनोळखी मढ्यांचा नुसता नेमबाजीचा खेळ करतो त्यानं नियम पाळले असं मी म्हणणारच नाही, त्यातला अवघड भाग त्यानं गुपचूप गाळलाय.

मग येतो दहनाचा मुद्दा, जो मला वाटतं प्रत्येक भारतीय चर्चेत निघतोच. आपल्यातले बहुतेक जाळतात, कबरीतून उठणार कोण? कबर फोडून बाहेर येणारा हात आपल्या स्मशानात जमणार नाही, हे मान्य. पण रोमेरोपासूनचे झोंबी बहुतांशी ताजे मेलेले असतात, कबरीचा संबंध नावाला. आणि त्या सिनेमात टीव्हीवरून सूचना काय येते? की मृतदेह ताबडतोब रस्त्यावर नेऊन जाळा, अंत्यविधीला वेळ नाही. अमेरिकन प्रेक्षकाला जाळणं हाच धक्का होता. आपल्याला जाळणं नेहमीचं, आपल्याला धक्का बसतो तो विधीशिवाय जाळण्याचा. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं ते माणूस आपलंच आहे का हेही न बघता लांब उभं राहून हात जोडलेल्यांना विचारा, पीपीई किटमधल्या अनोळखी माणसानं अग्नी दिला आणि अस्थी सावडायला जायचं की नाही यावर घरात फोनाफोनी झाली. आणि एक गोष्ट कोणी बोललंच नाही. डोकं फोडल्याशिवाय मेलेला शांत होत नाही, हा नियम परदेशी म्हणून काका ज्याला हसतात, तो आपल्याकडे स्मशानात आहेच की! कपालक्रिया काय असते? चिता पेटली की थोड्या वेळानं, ज्यानं अग्नी दिला त्यानंच, म्हणजे बहुतेक वेळा मुलानं, बांबूनं कवटी फोडायची. ज्या मांडीवर बसून मोठा झाला त्या बापाची. हे काम आपण अनोळखी माणसाला देत नाही, सगळ्यात जवळच्याला देतो. झोंबी सिनेमाच्या सगळ्या नियमांत जो नियम सगळ्यात यांत्रिक वाटतो, डोक्यात गोळी, त्याला आपल्याकडे आधीच एवढं मोठं नातं चिकटलेलं आहे, आणि आपण मात्र अमेरिकन पिस्तुलाची नक्कल करत बसलोय. २०१३ चा 'गो गोवा गॉन' मजेशीर होता, मला आवडला होता, पण त्यात तीन दोस्त एका बेटावर, आई-बाप, काका-मावशी, शेजारी सगळे शेकडो किलोमीटर लांब, म्हणजे ओळखीचं मढं समोर यायची सोयच नाही. २०२२ मध्ये आदित्य सरपोतदारनं 'झोंबिवली' थेट डोंबिवलीत आणला, गर्दी, बिल्डिंग, आपली भाषा, हे धाडस मोलाचं आहे आणि मराठी प्रेक्षकानं ते पुरेसं मनावर घेतलं नाही असं माझं मत.

"आपल्या भुतांना नाव असतं, झोंबीला नसतं" असंही एक जण म्हणाले, आणि निरीक्षण चांगलं आहे. मुंज्या मुंज झालेला पोरगा असतो, हडळीला तिची व्यथा असते, पिंडाला कावळा शिवला नाही की घरातले शोधायला लागतात की काय इच्छा राहिली असेल, आपला मेलेला माणूस काहीतरी ठराविक मागतो. झोंबी काही ठराविक मागत नाही, समजूत घालायला जागाच नाही. पण असा बिननावाचा, सगळ्या गावाचा मिळून राक्षस आपण कधी केलाच नाही असं थोडंच आहे? याच शहरात केलाय. १९१७ मध्ये तुकोजीराव होळकरांच्या दरबारानं पॅट्रिक गेडिज नावाच्या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं होतं, त्याचा इंदूरवरचा मोठा अहवाल १९१८ मध्ये छापला गेला, शहराचा अभ्यास करणारे आजही तो उघडतात. तेव्हा प्लेगनं शहर हैराण होतं. गेडिजनं त्या दिवाळीत मिरवणूक काढली आणि जाहीर केलं की जो मोहल्ला सगळ्यात स्वच्छ तिथून ती जाईल. झाडलोट, रंगरंगोटी, मोहल्ल्यामोहल्ल्यात चढाओढ. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता, सफाई कामगार नवे कपडे घालून मानानं चालत होते, आणि शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. त्या उंदराच्या पोटात काय आहे, तो एवढा मोठा कसा, हे कोणी विचारलं नसणार. उंदराचा नियम मोहल्ल्यासाठी होता, तो कुठून जाईल ते तुमच्या ओट्यावरच्या कचऱ्यावर ठरणार. दर वर्षी स्वच्छतेच्या नंबरवरून छाती फुगवणाऱ्या आम्हा इंदूरकरांना ही मिरवणूक आठवत नाही हे जरा नवलच. भीतीला आकार देऊन गल्लीतून फिरवायचं आणि लोकांकडून काहीतरी करवून घ्यायचं, चांगला झोंबी सिनेमा याहून वेगळं काय करतो?

बहुतेक झोंबी सिनेमे कंटाळवाणे असतात हे मी नाकारत नाही. रिकामा रस्ता, उलटी पडलेली गाडी, रेडिओची खरखर, एक म्हातारा जो आधी मरतो, एक पोरगी जी शेवटपर्यंत टिकते, एक स्वार्थी शेटजी जो दार लावून घेतो, आणि मालिका असेल तर हेच पाच-सहा सीझन. पण कंटाळ्याचा दोष नियमांवर ढकलणं म्हणजे वाईट कीर्तनाचा राग पूर्वरंगावर काढण्यासारखं आहे, बुवांना उत्तररंगात सांगायला काही नव्हतं हे खरं दुखणं.

राहता राहिला पैशाचा मुद्दा, "हे सगळं करायला बजेट कुठे आहे मराठीत, त्यात इंदुरात" हा. रोमेरो आणि त्याचे मित्र पिट्सबर्गमध्ये जाहिराती आणि कंपन्यांच्या छोट्या फिल्मा करून पोट भरायचे, त्यांनी सव्वा लाख डॉलरच्या आत काम उरकलं, कृष्णधवल फिल्म घेतली आणि रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप वापरलं. २०१७ चा जपानी 'वन कट ऑफ द डेड' साधारण तीस लाख येनमध्ये झाला, ज्यात आपल्याकडे एखादं बऱ्यापैकी लग्नही होत नाही. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या आमच्या पोरांकडे आज रोमेरोपेक्षा कितीतरी चांगले कॅमेरे आहेत, ड्रोन आहे, मेकअपवाल्या ताया आहेत, मढी व्हायला नाटकाची हौशी मंडळी एका चहावर तयार होतील. सुरुवात करायची तर झोंबी चालवायचा की पळवायचा हे नंतर बघू, आधी कागदावर लिहा की पहिलं मढं कोणाच्या घरचं आणि बांबू कोणाच्या हातात.